उष्णतेने प्रकटणारा दोष : ध्वनिमुद्रण-यंत्राच्या मंडलफलकाची परीक्षा

१. विषय आणि प्रयोजन

स्वनविज्ञानाचा अभ्यासक दोन साधनांवर विसंबून असतो : एक स्वतःचा कान आणि दुसरे ध्वनिमुद्रणाचे यंत्र. कानाला तो वर्षानुवर्षे वळण लावीत असतो; यंत्रावर मात्र बहुधा विश्वास टाकून मोकळा होतो. यंत्र अजिबात बंद पडले तर निदान ते बंद पडले हे कळते आणि दुरुस्तीस धाडता येते. परंतु जे यंत्र सकाळी निर्दोष असते, अर्ध्या तासाने खरखरू लागते आणि कारागिराच्या मेजावर उघडून ठेवताच पुन्हा निर्दोष होते, त्याचे काय करावे? असा दोष आपोआप नाहीसा झाला असे समजून पुष्कळदा सोडून दिला जातो. वस्तुतः तो नाहीसा झालेला नसतो. त्याला प्रकट होण्यास अनुकूल असलेले तापमान तेवढे नाहीसे झालेले असते.

मायक्रोफोनकडून येणारा क्षीण संकेत मोठा करणारे जे विवर्धक मंडल, म्हणजे ॲम्प्लिफायर, त्याच्या फलकावर तापमानामुळे उद्भवणाऱ्या दोषांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विद्युत्-शास्त्राचे सांगोपांग विवेचन करण्याचा येथे हेतू नाही. असा दोष कोणत्या क्रमाने शोधावा आणि तो शोधला न गेल्यास भाषिक निष्कर्षांवर त्याचा काय परिणाम होतो, एवढ्या दोनच प्रश्नांपुरते हे विवेचन मर्यादित आहे.

भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत या विषयाला स्थान का, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर दोन प्रकारे देता येईल. पहिले असे की, क्षेत्रकार्यातील मुद्रण पुन्हा करता येईलच असे नसते. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहालीसारख्या भाषेचे भाषक मुळातच थोडे; त्यांतील एखाद्या वृद्ध भाषकाचे घेतलेले मुद्रण सदोष निघाले, तर पुढच्या वर्षी तो भाषक भेटेलच याची शाश्वती कोण देईल? दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. यंत्राचा दोष नेहमी दोष म्हणून ऐकू येत नाही. कधी कधी तो भाषेच्याच एखाद्या गुणधर्माचे रूप घेऊन आपल्या मोजमापात शिरतो. खरखर ऐकू आली तर आपण सावध होतो. पण महाप्राणतेच्या आकड्यात दोन-तीन डेसिबलांची भर पडली तर सावध करणारे काहीच नसते.

२. दोषाचा परिसर

'दोष अधूनमधून येतो' हे विधान निदानाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. 'चिंच' या शब्दातील अंत्य 'च'चा उच्चार दंतमूलीय होतो, आणि 'चिंचेला' म्हणताना तोच तालव्य होतो. पुढील स्वराकडे न पाहणाऱ्यास हा बदल लहरी वाटेल; पुढे 'ए' आला आहे हे पाहणाऱ्यास तो नियमबद्ध दिसेल. अधूनमधून येणारा दोषही असाच कोणत्या तरी परिसराने नियत झालेला असतो. तो परिसर निश्चित करणे हे पहिले काम. हातात हत्यार घेणे हे त्यानंतरचे.

त्यासाठी यंत्रास हात लावण्यापूर्वी एक साधी नोंदवही ठेवावी. यंत्र चालू केल्याची वेळ, खोलीचे तापमान, पेटीच्या आतील तापमान, हवेतील आर्द्रता, झाकण लावलेले की काढलेले, आणि दोष दिसला की नाही, एवढ्या बाबी दर पाच मिनिटांनी लिहाव्यात. स्वयंपाकघरात वापरतात तसला साधा सूचिकायुक्त तापमापक आतील तापमानासाठी पुरतो. दोन-तीन दिवसांच्या नोंदींतून तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात : दोष यंत्र तापल्यावर येतो की गार असताना, तो विशिष्ट तापमानास येतो की विशिष्ट वेळेनंतर, आणि तो हळूहळू वाढतो की एकाएकी उद्भवतो.

तिसरा प्रश्न विशेष सूचक आहे. हळूहळू वाढणारा दोष हा बहुधा एखाद्या घटकाच्या गुणधर्मात तापमानानुसार होणाऱ्या बदलाचा असतो. एकाएकी येणारा, टिचकी मारल्यास जाणारा किंवा बदलणारा दोष हा बहुधा तुटलेल्या अथवा तडकलेल्या सांध्याचा असतो. हा नियम निरपवाद नाही, पण शोधाची दिशा ठरविण्यास तो पुरेसा आहे.

३. उष्णता फलकावर काय करते

(क) सांधे. मंडलफलक, म्हणजे सर्किट बोर्ड, त्यावरील तांब्याच्या रेषा, घटकांचे पाय आणि त्यांना जोडणारा डाख ही सर्व द्रव्ये उष्णतेने प्रसरण पावतात, परंतु सारख्या प्रमाणात नव्हे. काचतंतू व इपॉक्सी यांच्या नेहमीच्या फलकाचे प्रसरण जाडीच्या दिशेने अंशास दशलक्षांत सुमारे ६० भाग होते. तांब्याचे सुमारे १७ भाग. फलकाची जाडी १.६ मिलिमीटर आणि तापमानातील वाढ २० अंश धरली, तर फलक सुमारे १.९ मायक्रॉनने जाड होतो आणि त्यातून जाणारा तांब्याचा पाय सुमारे अर्ध्या मायक्रॉनने लांब होतो. फरक उरतो तो जवळजवळ दीड मायक्रॉनचा. हे अंतर डोळ्यांस दिसणारे नाही. परंतु डाखात पूर्वीच तडा गेला असेल तर त्याच्या दोन कडा एकमेकींपासून दूर करण्यास ते पुरे होते. यंत्र रोज तापते व निवते, सांधा रोज ताणला व सैल सोडला जातो, आणि काही वर्षांनी घटकाच्या पायाभोवती केसासारखी वर्तुळाकार भेग पडते. ज्या जुन्या फलकांना एकाच बाजूस तांबे असते आणि ज्यांच्या छिद्रांच्या आतून धातूचा मुलामा नसतो, त्यांत ही भेग विशेष आढळते, कारण तेथे पायाला धरून ठेवणारा डाख एकाच बाजूस असतो.

येथे एक सूचना आवश्यक आहे. निस्तेज दिसणारा सांधा वाईट, ही जुनी खूण शिसे व कथील यांच्या डाखापुरती खरी होती. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध घातला, तेव्हापासून बिनशिशाचा डाख सर्वत्र रूढ झाला. शिसे-कथिलाचा नेहमीचा डाख १८३ अंशांस वितळतो. कथील, चांदी व तांबे यांचा प्रचलित डाख सुमारे २१७ अंशांस वितळू लागतो आणि निर्दोष असूनही तो काहीसा मंद दिसतो. तेव्हा केवळ चकाकीवरून सांध्याची परीक्षा करू नये; भिंगाखाली भेग शोधावी.

(ख) ट्रान्झिस्टर. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमध्ये पाया व उत्सर्जक यांमधील दाब दर अंशास सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. तापमान २० अंशांनी वाढले की हा उतार ४० मिलिव्होल्ट होतो. चांगल्या आराखड्यात याची भरपाई केलेली असते. ध्वनिवर्धकाला प्रवाह पुरविणाऱ्या अंतिम टप्प्यात भरपाई करणारा डायोड उष्णताशोषक पत्र्याला चिकटवून ठेवतात. तो सुटला तर भरपाई थांबते, प्रवाह वाढतो, प्रवाहाने उष्णता वाढते आणि उष्णतेने पुन्हा प्रवाह वाढतो. हे चक्र ट्रान्झिस्टर जळेपर्यंत चालू राहू शकते.

जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आता नव्या यंत्रांत नाहीत. पण विभागाच्या कपाटात पडून असलेली १९६० च्या सुमाराची टेप-यंत्रे जुन्या फिती ऐकण्यासाठी पुन्हा चालू करावयाची असतील, तर त्यांची ओळख हवी. यांतील गळतीचा प्रवाह स्थूलमानाने दर १० अंशांस दुप्पट होतो. समजा, २५ अंशांस ही गळती ५ मायक्रोअँपिअर आहे आणि ट्रान्झिस्टरचे प्रवाहवर्धन ५० पट आहे. पाया मोकळा असेल तर संग्राहकात गळतीमुळे पाव मिलिअँपिअर वाहील. ४५ अंशांस तोच एक मिलिअँपिअर होईल. ज्या टप्प्याचा नेहमीचा प्रवाहच एक मिलिअँपिअरच्या आसपास आहे, त्याचा तोल मग कसा राहावा? प्रत्यक्ष मंडलात स्थिरीकरणाच्या रेझिस्टरांमुळे परिणाम इतका तीव्र होत नाही, पण त्याची दिशा हीच असते.

(ग) कंडेन्सर. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये द्रव विद्युत्-विश्लेष्य असतो. वर्षे लोटली की तो सुकत जातो. तापमान दर १० अंशांनी वाढले की या कंडेन्सरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा व्यवहारातील नियम आहे. सुकत आलेल्या कंडेन्सरचा अंतर्गत रोध गारव्यात फार वाढतो आणि ऊब मिळताच उतरतो. म्हणूनच थंडीच्या सकाळी पहिली दहा मिनिटे घरघरणारे आणि मग शांत होणारे यंत्र दिसले, की आधी वीजपुरवठ्यातील कंडेन्सरांवर संशय घ्यावा. 'यंत्र तापले की ठीक चालते' हे त्याचे प्रशस्तिपत्र नसून रोगलक्षण आहे.

सिरॅमिक कंडेन्सरांमध्ये जात पाहणे महत्त्वाचे. 'एक्स-७-आर' या खुणेच्या कंडेन्सरची धारिता उणे ५५ ते १२५ अंशांच्या मर्यादेत १५ टक्क्यांहून अधिक बदलू नये अशी अपेक्षा असते. 'वाय-५-व्ही' या स्वस्त जातीस मात्र उणे ३० ते ८५ अंशांत ८२ टक्क्यांपर्यंत घट मान्य आहे. दुरुस्तीच्या वेळी एकाच्या जागी दुसरा बसविला गेला, तर घटक नवा आणि निर्दोष असूनही मंडल तापमानाबरोबर बदलते.

(घ) दमटपणा. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात घेतलेल्या मुद्रणांच्या बाबतीत हे कारण सर्वांत आधी तपासावे. कंडेन्सर मायक्रोफोनच्या आरंभीच्या टप्प्यात रोध इतके मोठे असतात की फलकावरील धूळ व ओल यांतून होणारी किंचित गळतीही चटचट आवाज निर्माण करते. यंत्र तापले की ओल सुकते आणि दोष जातो. त्यामुळे तो तापमानाचा दोष आहे असे भासते. दोन कारणे सदैव जोडीने बदलत असली की खरे कारण कोणते हे नुसत्या निरीक्षणाने ठरत नाही. त्यांना वेगळे करावे लागते. यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवावे आणि गार असतानाच चालू करावे. दोष आला नाही, तर कारण ओल होय. उलट, फलकावर हळूच फुंकरीने उच्छ्वास सोडल्याबरोबर चटचट सुरू झाली, तरी निष्कर्ष तोच. असा फलक योग्य द्रवाने स्वच्छ करून पूर्ण वाळविणे हाच त्यावर उपाय.

४. शोधाची पद्धती

सर्वांत प्रथम सुरक्षितता. घरगुती २३० व्होल्टच्या विजेवर चालणारे यंत्र उघडे ठेवून तपासणे हे अननुभवी व्यक्तीचे काम नव्हे. वीज बंद केल्यावरही पुरवठ्याच्या कंडेन्सरांत भार शिल्लक असतो. तो योग्य रोधातून उतरविल्याशिवाय हात घालू नये. विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या उपस्थितीतच पुढील परीक्षा कराव्यात.

दुसरी पायरी म्हणजे दोष मेजावर आणणे. झाकण काढताच पेटीतील ऊब जाते आणि दोष लपतो. म्हणून झाकणाऐवजी जाड पुठ्ठ्याचे आवरण करावे आणि त्याला मीटरच्या अग्रांपुरती भोके ठेवावीत. ज्या दोषाला आपण हवे तेव्हा बोलावू शकत नाही, तो गेला की नाही हेही आपणास सांगता येत नाही. दोष हुकमी झाल्याखेरीज एकही घटक बदलू नये.

तिसरी पायरी मोजमापाची. पुरवठ्याचे दाब दोषरहित व दोषयुक्त अशा दोन्ही अवस्थांत मोजावेत. ते स्थिर असतील, तर आदानाशी १,००० हर्ट्झचा अल्प संकेत द्यावा आणि मंडलाच्या मध्यावर तो तपासावा. तेथे तो शुद्ध असेल तर दोष उत्तरार्धात. नसेल तर पूर्वार्धात. असे अर्धे अर्धे करीत गेले की सोळा टप्प्यांचे मंडलही चार परीक्षांत आटोपते. याच रीतीने प्रत्येक टप्प्यावरील स्थिर दाब दोन्ही अवस्थांत लिहून घ्यावेत. दाब बदलला असेल तर त्याची दिशा पाहावी. निदानाचा अर्धा भाग या दिशेतच असतो.

चौथी पायरी उष्णता आणि गारवा स्वतः देण्याची. केस वाळविण्याचा पंखा जाड कागदाच्या नरसाळ्यातून धरला की उष्ण वारा फलकाच्या थोड्या भागावर सोडता येतो. घटकांना सुमारे ६० अंशांच्या पुढे तापवू नये. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर साधारणतः ८५ किंवा १०५ अंशांपर्यंतचे असतात आणि येथे त्यांची सहनशक्ती नव्हे, तर दोषाचे स्थान पाहावयाचे आहे. प्रथम अर्धा फलक, मग पाव, मग एखादा घटक, असे क्षेत्र आकुंचित करीत जावे.

गारव्यासाठी थंड फवाऱ्याचे डबे मिळतात. त्यांच्या नळीचे टोक नेमके एका घटकावर धरून क्षणभरच फवारावे. अतिथंड झालेल्या जागी हवेतील बाष्पाचे दंव धरते आणि त्याने नवीनच गळती उत्पन्न होते. तिलाच मूळ दोष समजण्याचा धोका असतो. काही डब्यांतील वायू ज्वालाग्राही असतो, म्हणून वरील सूचना वाचल्याशिवाय तो चालू मंडलावर वापरू नये. फवारा नसेल तर बारीक काडीला कापूस गुंडाळून त्यावर स्पिरिटचा एखादा थेंब घ्यावा व केवळ घटकाच्या माथ्यावर टेकवावा. बाष्पीभवनाने आवश्यक तेवढा गारवा मिळतो. ही युक्ती कमी दाबाच्या भागापुरतीच. मुख्य विजेच्या जोडण्यांजवळ ती कदापि करू नये.

या सर्व परीक्षांना एकच नियम लागू आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. 'दार' आणि 'धार' या जोडीने अल्पप्राण-महाप्राण भेद सिद्ध होतो, कारण दोन्ही शब्दांत बाकीचे सारे सारखे असते. एकाच घटकाला गार केल्याने दोष गेला आणि त्यालाच पुन्हा ऊब दिल्याने तो परतला, तरच ते प्रयोगातील न्यूनतम युग्म होय. तीन घटक एकाच वेळी बदलून दोष गेला, तर यंत्र दुरुस्त झाले असेल. ज्ञान मात्र काहीच झालेले नसते, आणि दोष सांध्यातच असून नव्या डाखाने योगायोगाने दबला असेल, तर तो पुन्हा येईल.

५. एक उदाहरण

ही पद्धती प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी एका दोन वाहिन्यांच्या मायक्रोफोन-विवर्धकाचे उदाहरण घेऊ. फलक एका बाजूस तांबे असलेला. पुरवठा १२ व्होल्टचा. चालू केल्यावर सुमारे पंचवीस मिनिटांनी डाव्या वाहिनीचा आवाज एकाएकी खाली जातो आणि त्यात करकर मिसळते. झाकण काढले की चार-पाच मिनिटांत सर्व पूर्ववत होते. उजवी वाहिनी सदैव निर्दोष.

उजवी वाहिनी निर्दोष असल्यामुळे दोन्ही वाहिन्यांना समाईक असलेला पुरवठा बहुतांशी संशयमुक्त होतो. मोजमापानेही तो १२ व्होल्टवर स्थिर आढळतो. पुठ्ठ्याच्या आवरणाखाली दोष आणून १,००० हर्ट्झचा संकेत दिला असता पहिल्या टप्प्यानंतर तो शुद्ध, दुसऱ्यानंतर क्षीण व करकरीत मिळतो. दुसऱ्या टप्प्यातील ट्रान्झिस्टरच्या संग्राहकावरचा दाब निर्दोष अवस्थेत ६ व्होल्ट आहे. दोषाच्या वेळी तो ९ व्होल्टच्या आसपास डळमळतो.

आता ही दिशा लक्षात घ्यावी. एन-पी-एन जातीच्या या ट्रान्झिस्टरचा संग्राहक रेझिस्टरामार्फत पुरवठ्याला जोडलेला आहे. ट्रान्झिस्टरातून जितका प्रवाह अधिक, तितकी त्या रेझिस्टरमधील घट अधिक आणि संग्राहकाचा दाब कमी. उष्णतेने ट्रान्झिस्टर गळू लागला असता, तर दाब ६ व्होल्टवरून खाली आला असता. तो वर गेला, याचा अर्थ प्रवाह वाढला नसून घटला आहे. म्हणजे प्रवाहाच्या वाटेत कोठे तरी रोध वाढला आहे, किंवा पायाला मिळणारा दाब कमी झाला आहे. पायावरचा दाब मोजता तो जवळजवळ पूर्वीइतकाच. उरतो तो उत्सर्जकाकडून भूमीकडे जाणारा मार्ग. ट्रान्झिस्टर बदलण्याचा मोह येथेच निरस्त होतो, आणि तोही एकही घटक न उखडता.

यानंतर उष्ण वाऱ्याने दोष हुकमी आणून ट्रान्झिस्टरच्या माथ्यावर गार काडी टेकविली, परिणाम शून्य. उत्सर्जकाच्या रेझिस्टरच्या एका पायाशी टेकविली, आणि दाब झटकन ६ व्होल्टवर आला. त्याच पायाला लाकडी काडीने किंचित रेटले असता दोष येतो व जातो. फलक उलटून भिंगाखाली पाहता त्या पायाभोवती वर्तुळाकार भेग दिसते. रेझिस्टरचे अंग फलकाला अगदी टेकवून बसविलेले. फलक तापून जाड झाला की पाय वर ओढला जातो आणि भेगेच्या कडा विलग होतात. जुना डाख काढून, पाय स्वच्छ करून नवा डाख दिला असता दोष नाहीसा होतो.

तरीही काम येथे संपत नाही. यंत्र झाकण लावून, ज्या तापमानास दोष येत असे त्याहून पाच-सहा अंश अधिक तापमानात, तीन दिवस दोन-दोन तास चालवावे आणि दोष परत आणण्याचा प्रयत्न करावा. तो प्रयत्न फसला, तरच दुरुस्ती मान्य करावी. त्याच फलकावर तशाच रीतीने टेकवून बसविलेले इतर घटकही भिंगाखाली पाहून घ्यावेत. एका सांध्याला जे झाले ते त्याच्या शेजाऱ्यांना होण्याच्या वाटेवर असते.

६. दोष जेव्हा भाषिक पुराव्याचे रूप घेतो

वरील उदाहरणातील करकर कोणासही ऐकू येते. अधिक चिंतेचे दोष ऐकू न येणारे असतात. मराठीतील सघोष महाप्राण आणि 'नाणे' व 'न्हाणे' यांतील भेद दर्शविणारे महाप्राण अनुनासिक यांच्या अभ्यासात मर्मरयुक्त घोषाचे मोजमाप करतात. त्याची एक सुपरिचित पद्धत म्हणजे स्वराच्या पहिल्या व दुसऱ्या संनादींच्या, म्हणजे हार्मोनिकांच्या, तीव्रतांतील फरक काढणे. मर्मरयुक्त घोषात पहिला संनादी दुसऱ्याच्या तुलनेने बलवान असतो, आणि साध्या घोषाशी त्याचा भेद काही डेसिबलांचाच असतो.

आता वीजपुरवठ्यातील सुकलेला कंडेन्सर घ्या. भारतातील वीज ५० हर्ट्झची. पूर्णतरंगी एकदिशीकरणानंतर तिची घरघर १०० हर्ट्झवर येते. पुरुषभाषकाच्या स्वराची मूल कंप्रता १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास असणे अगदी सामान्य आहे. विश्लेषणासाठी पंचवीस-तीस सहस्रांश सेकंदांची खिडकी घेतली, तर १०० हर्ट्झची घरघर आणि ११० हर्ट्झचा संनादी हे वेगळे ओळखता येत नाहीत. दोहोंची तीव्रता एकत्र मोजली जाते आणि पहिला संनादी खोटाच बलवान ठरण्याचा संभव असतो. ही घरघर यंत्र गार असतानाच असते. म्हणजे सत्राच्या आरंभी उच्चारलेले शब्द अधिक मर्मरयुक्त आणि नंतरचे कमी, असे चित्र उभे राहते. शब्दसूचीत महाप्राण शब्द आधी आणि अल्पप्राण नंतर असतील, तर यंत्राच्या गारव्याला आपण व्याकरणात जागा करून देतो.

दुसरा दोष याच्या उलट दिशेचा आहे. दोन टप्प्यांना जोडणारा कंडेन्सर १० मायक्रोफॅरडचा आणि पुढील टप्प्याचा आदानरोध १० किलोओहमचा असेल, तर सुमारे १.६ हर्ट्झच्या खालचे तेवढे अडते. बोलण्याशी त्याचा संबंध येत नाही. तोच कंडेन्सर सुकून ०.१ मायक्रोफॅरडवर आला, की ही मर्यादा १५९ हर्ट्झवर चढते. १२० हर्ट्झच्या मूल कंप्रतेचा पहिला संनादी सुमारे ४.४ डेसिबलांनी घटतो, २४० हर्ट्झचा दुसरा केवळ १.६ डेसिबलांनी. दोहोंतील फरक २.८ डेसिबलांनी कमी दिसतो, आणि खरोखर मर्मरयुक्त असलेला घोष साधा ठरण्याची पाळी येते. कानाला मात्र आवाज 'किंचित पातळ' एवढाच वाटतो.

तिसरा प्रकार सळसळीचा. तापलेल्या सदोष ट्रान्झिस्टरची सळसळ स्वरांच्या वरच्या पट्ट्यात मिसळली की संनादी व कोलाहल यांचे गुणोत्तर उतरते. आणि हे गुणोत्तर उतरणे हीदेखील मर्मराचीच एक खूण मानली जाते. येथे कालक्रम उलटा असतो : सत्राच्या शेवटचे शब्द अधिक श्वासयुक्त दिसतात, आणि त्याचे स्पष्टीकरण म्हणून 'भाषक थकला' असे सहज म्हटले जाते.

७. मुद्रणाची शिस्त

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक नियम निष्पन्न होतात. मुद्रणापूर्वी यंत्र अर्धा तास चालू ठेवावे आणि सत्राच्या मध्ये बंद करू नये. सत्राच्या आरंभी, मध्यावर आणि शेवटी ज्ञात तीव्रतेचा १,००० हर्ट्झचा व १०० हर्ट्झचा स्वर प्रत्येकी दहा सेकंद मुद्रित करावा. त्यासोबत मायक्रोफोनच्या जागी तुल्य रोध जोडून दहा सेकंदांची निःशब्दताही मुद्रित करावी. तिन्ही वेळचे स्वर व निःशब्दता एकमेकांशी जुळल्या, तर यंत्र त्या अवधीत स्थिर होते असे पुराव्यानिशी म्हणता येते. न जुळल्यास निदान कोणता भाग वगळावा हे कळते. शब्दसूचीचा क्रम प्रत्येक भाषकासाठी बदलावा, आणि तीच सूची उलट क्रमाने पुन्हा घ्यावी. जो भेद शब्दाबरोबर फिरतो तो भाषेचा, आणि जो घड्याळाबरोबर फिरतो तो यंत्राचा किंवा भाषकाच्या थकव्याचा. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात १०० हर्ट्झच्या घरघरीचा प्रश्न उद्भवत नाही, परंतु सांधे, ओल आणि ट्रान्झिस्टर यांचे दोष तेथेही संभवतात. म्हणून ही शिस्त त्यासही लागू आहे.

प्रत्येक मुद्रणाच्या नोंदपत्रात भाषकाचे वय, गाव व बोली यांच्याबरोबर यंत्र कोणते, ते किती वेळ चालू होते आणि खोलीचे तापमान व आर्द्रता किती होती, हे रकाने आपल्या विभागात ठेवले जावेत. जुन्या फितींच्या बाबतीत अशा नोंदी उपलब्ध नसतात. तेथे फितीच्या आरंभीची व अखेरची निःशब्द जागा तपासून घरघर व सळसळ यांची पातळी काढावी, आणि दोहोंत तफावत असेल तर त्या फितीवरून घोषाच्या प्रकाराविषयी संख्यात्मक विधान करू नये. शब्दसंग्रह, वाक्यरचना व कथन यांसाठी तीच फीत पूर्ववत उपयुक्त राहते.